टिल्लीपर्यंतचं अंतर

१

अंधारात उड्या मारणाऱ्या माणसांचे फोटो काढून पोट भरायचं, हा उद्योग मी स्वतःच्या अकलेनं निवडलेला, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. समारंभाची कामं करणारे माझे मित्र फ्लॅश मारतात, ‘जरा हसा’ म्हणतात, कुणी हसलं नाही तर पुन्हा म्हणतात. गाण्याच्या कार्यक्रमात यातलं काही चालत नाही. फ्लॅश उडाला की गाणारा डोळे वटारतो, आपण उभं राहिलो की मागचे ओरडतात. स्टेजसमोरच्या चिंचोळ्या पट्टीत गुडघे मोडून बसायचं आणि दिवेवाल्याच्या मनात येईल तेवढ्या उजेडात भागवायचं.

माझी जुनी झूम लेन्स कॅमेऱ्याबरोबर खोक्यातच आलेली. लांबचं जवळ ओढलं की तिचं उजेड घ्यायचं तोंड बारीक व्हायचं आणि फोटोभर वाळू सांडल्यासारखे दाणे यायचे. इतकी वर्षं मी तिच्यावर निभावून नेलं. पण आता टिल्ली पुन्हा गाणार होती, आणि तिचा फोटो मला दाणेदार नको होता.

टिल्ली माझी धाकटी बहीण. उंची बेताची, म्हणून टिल्ली. गेल्या वर्षी धरणाच्या पाण्यात तिची होडी उलटली. ती बराच वेळ खाली होती. किती, ते आम्ही आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वर काढलं, श्वास सुरू झाला, डॉक्टरांनी होत्या नव्हत्या त्या तपासण्या केल्या आणि शेवटी म्हणाले, घरी न्या, ठणठणीत आहे. आम्ही तिला घरी आणलं. ती जेवायची, भांडायची, माझे टी-शर्ट ढापायची. आमचं घर पुन्हा घरासारखं झालं होतं.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातले काका मला विद्यार्थी असल्यापासून ओळखतात.

“काका, टू पॉइंट एट हवी, मोठ्या तोंडाची. झूम, सत्तर ते दोनशे.”

“हवी तर सगळ्यांनाच असते. खिसा काय म्हणतो?”

“खिसा गप्प आहे.”

“मग झूमचा नाद सोड. एकाच अंतराची घे. स्वस्त मिळेल, उजेड हिच्याहून जास्त.”

“त्या पट्टीत मला पुढंमागं सरकता येत नाही हो. टिल्ली माइकपाशी आहे तोवर ठीक, ड्रमपाशी गेली की माझ्या फोटोत मुंगी.”

“मोठ्या कंपनीची बघ मग.”

“ती घेतली तर लावायला कॅमेरा उरणार नाही.”

काका हसले आणि मागच्या फळीवरून एक जाडजूड, काळी लेन्स काढून लाडक्या मांजरासारखी माझ्या हातात दिली. दुसऱ्या कंपनीची, वापरलेली. हात थरथरला तर सांभाळून घेणारं यंत्र तिच्यात नव्हतं, म्हणून ती पडून होती. मला त्याची गरजही नव्हती. गाणारा माणूस हलत असताना माझा हात स्थिर असून काय उपयोग? काच स्वच्छ होती, बुरशी नव्हती. वर काचेची छोटी खिडकी होती आणि फोकसचं कडं फिरवलं की तिच्यात अंतराचे आकडे सरकायचे. शेवटी आडवा आठ, अनंताची खूण.

“हल्लीच्या लेन्सवर हे आकडे नसतात,” काका म्हणाले. “ही कुठं बघतेय ते कळतं तरी. आणि एक लक्षात ठेव, हिचं तोंड पूर्ण उघडं ठेवलंस की हिला पाठपोट नाही. डोळा धरलास तर कान सुटेल.”

मी लेन्स उराशी धरून घरी आणली. टिल्लीनं ती हातात तोलली आणि म्हणाली, “दादा, यानं फोटो नाही निघाला तर चोर तरी मारता येईल.”

२

आमच्या धंद्यात एक सवय असते. साउंड-चेकच्या वेळी गाणाऱ्याची जागा ठरते, माइकखाली जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारतात. त्याच वेळी मी माइकवर फोकस धरतो आणि लेन्सच्या कड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवतो. कार्यक्रमात अंधार झाला, कॅमेरा गोंधळला, तरी बोटांना तो तुकडा सापडतो. कडं तिथं आणायचं आणि बटण दाबायचं.

कार्यक्रमाच्या दुपारी हॉल रिकामा होता. त्याला खिडक्या नव्हत्या, भिंतींना काळं कापड होतं आणि कुठंतरी पंखा खरखरत होता. टिल्ली फुलीवर उभी राहिली. शेजारी गिटारवाला लंबू होता. तो आणि ती शेजारी उभे राहिले की जोकच व्हायचा.

गाणं सुरू झालं आणि साउंडवाल्यानं हात वर केला.

“टिल्ली, किंचित मागं पडतेयस.”

“मी? काहीतरीच.”

“ती तालात आहे,” लंबू म्हणाला. “मी तिच्या ओठांकडं बघूनच वाजवतोय.”

साउंडवाल्यानं वायर बदलली, माइक बदलला, माइकला दोन टपल्या मारल्या. पुन्हा गाणं झालं. मी पट्टीत बसून ऐकत होतो. तिचे ओठ मिटायचे आणि शब्दाचं शेपूट त्यानंतर हॉलमध्ये यायचं. इतकं थोडं, की न सांगता कळलं नसतं. शेवटी साउंडवाल्यानं हात टेकले.

“असू दे. बाकीच्यांचा आवाज मी जरा उशिरा सोडतो. जमून जाईल.”

आणि जमून गेलं. संध्याकाळी हॉल भरला. टिल्ली गायला लागली. आई पहिल्या रांगेत होती आणि आधीच डोळे पुसत होती. मी कडं त्या पांढऱ्या तुकड्यावर आणून फोटो घेत सुटलो.

पहिलं गाणं संपलं तेव्हा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं. माइकची जाळी इतकी स्वच्छ आली होती की भोकं मोजावीत. त्या जाळीला ओठ टेकवून उभी असलेली टिल्ली मात्र पुसट होती.

ती हलली असेल म्हणून पुढचे घेतले. तेच. मग मी त्या तुकड्याचा नाद सोडला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत कडं फिरवायला लागलो. माइक विरघळला. लंबू विरघळला. त्याच्या मागचा ड्रम एकदा नीट झाला आणि तोही गेला. सगळ्यांत मागच्या काळ्या पडद्याच्या चुण्या स्पष्ट झाल्या, आणि त्याच क्षणी टिल्लीही स्पष्ट झाली. पापण्या, घामाचे थेंब, सगळं.

माइकवर तिचे ओठ होते. लेन्सला ती पडद्यापाशी दिसत होती.

३

माझ्या जागी दुसरा कुणीही फोटोवाला असता तर त्यानं जे केलं असतं तेच मी केलं. लेन्सला शिव्या घातल्या. जुन्या लेन्सचा फोकस पुढंमागं पडतो, हा आमच्याकडचा नेहमीचाच आजार.

काकांनी दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा तिकाटण्यावर लावला, फोटो घेतले, मोठे करून बघितले.

“अक्षरं बघ. कुठं चुकतेय?”

कुठंच चुकत नव्हती. मग मी काकांचाच फोटो घेतला. त्यांच्या भुवईतला एकुलता एक पांढरा केससुद्धा आला.

“हा काढून टाक,” काका म्हणाले. “लेन्स चांगली आहे. तूच कुठंतरी चुकतोयस.”

“फक्त एकाच माणसावर चुकेल का लेन्स?”

“एकाच माणसावर?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “झोप नीट घेतोस ना?”

तरी मी हट्टानं ती दुरुस्तीला टाकली. लेन्स घरात नव्हती ते दिवस फार चांगले गेले, हे आता आठवलं की जीव जळतो. मी जुन्या झूमनं टिल्लीचे फोटो काढले आणि सगळे नीट आले. चला, भानगड लेन्समध्येच होती. ती पुढ्यात बसून बडबडायची आणि मी अर्धं लक्ष देऊन ऐकायचो. आपल्या माणसाचं आपण ऐकतो तसं.

त्याच दिवसांत आई एकदा म्हणाली, “मला चष्मा बदलायला हवा रे. टिल्ली अंधुक दिसते.”

“आणि मी?”

“तू दिसतोस की नीट. दाढी कर.”

४

लेन्स परत आली. दुरुस्तीवाल्यानं लिहून दिलं होतं, दोष नाही.

सकाळची वेळ होती. टिल्ली स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी चहा घेत बसली होती. तिच्या मागं उघडी खिडकी, खाली रस्ता, पलीकडच्या इमारतीच्या गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते. मी समोरच्या भिंतीला पाठ टेकवली आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून तिच्यावर धरली.

कपाची कड आली. टिल्ली नाही. कडं फिरवलं. खिडकीचे गज आले आणि गेले. रस्त्यावरची विजेची तार आली आणि गेली. पलीकडच्या गॅलरीतल्या शर्टाची बटणं दिसायला लागली, आणि त्या शर्टाबरोबर माझी बहीण. माझ्यापासून चार पावलांवर बसलेली. तिच्या हातातला कप मात्र वाफेच्या गोळ्यासारखा पुसट.

मी लेन्सच्या खिडकीतला आकडा बघितला नाही. बघावासा वाटला नाही.

मग जुनी झूम चढवली. कप, टिल्ली, गज, शर्ट, सगळं नीट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिथंच खाली बसलो. जुनी लेन्स चांगली होती असं नव्हे. तिचं तोंड बारीक, म्हणून जवळचं आणि लांबचं तिला सारखंच दिसायचं. ती बिचारी सगळ्यांना सांभाळून घेत होती. आपले डोळेही तेच करत असणार. नवी लेन्स सांभाळून घेत नव्हती, इतकंच.

“काय झालं रे?” टिल्लीनं विचारलं. आधी तिचे ओठ हलले. मग प्रश्न आला.

५

मला एकच गोष्ट सुचली. लेन्सचं तोंड जितकं बारीक, तितकं तिला पाठपोट जास्त. जवळचा माणूस आणि लांबचा माणूस एकाच फोटोत धरता येतो, फक्त उजेड भरपूर हवा. मी भर दुपारी आईला आणि टिल्लीला गच्चीवर नेलं, तोंड शक्य तितकं बारीक केलं, टायमर लावला आणि धावत जाऊन त्यांच्यामध्ये उभा राहिलो.

फोटोत तिघंही होतो. तिघंही स्पष्ट. मला रडू आवरेना.

“एवढ्याला रडतोस?” टिल्ली म्हणाली. “माझे दात बघ आधी, किती वाईट आलेत.”

मी रोज गच्चीवर तोच फोटो काढायला लागलो. आई कुरकुरायची, ऊन लागतं म्हणायची, तरी यायची. तिला काहीतरी कळलं असावं. आयांना कळतंच, त्या फक्त विचारत नाहीत. रोज फोटोत टिल्ली थोडी मऊ होत गेली. एका दुपारी मी आणि आई रेखीव आलो, आणि शेजारी हवेवर कुणी तेलाचं बोट फिरवल्यासारखी ती.

मग फक्त तिच्यावर फोकस धरून एक फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर मोठा केला. आम्हा लोकांची खोड असते, आधी डोळे बघायचे. माणसासमोर जे असतं ते त्याच्या बुबुळात उमटतं. खिडकी असेल तर खिडकीचा चौकोन, कॅमेरेवाला असेल तर त्याचा ठिपका. टिल्लीच्या बुबुळात गच्ची असायला हवी होती, पाण्याची टाकी, मी.

तिथं फक्त काळोख होता. आणि वर, अगदी वर, एक गोल फिका उजेड. त्याच्या कडा लाटेसारख्या वेड्यावाकड्या होत्या.

मी त्याआधीचे सगळे फोटो उघडून डोळे बघितले. सगळ्यांत तोच उजेड. पहिल्या फोटोत वाटाण्याएवढा. नंतरच्या प्रत्येकात आणखी लहान.

त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोललो. ती पलंगावर पाय दुमडून बसली होती.

“टिल्ली, तू लांब चालली आहेस.”

मी वाट बघितली. तिच्या चेहऱ्यावरून मी काय बोललो ते तिला बऱ्याच वेळानं कळलं. मग ती बोलली, आणि मग ते मला ऐकू आलं.

“मला वाटलं, तुम्हीच चाललाय. मी हाक मारते आणि तू ओ देईपर्यंत विसरून जाते, कशाला मारली होती.”

“मग थांब ना. जिथं आहेस तिथं थांब.”

तिनं मान हलवली. शब्द यायला इतका वेळ लागला की मधे रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज आला, विरला.

“थांबू कशी दादा? पाय टेकायला काही नाहीये.”

६

यानंतर मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही. आई तिचे केस विंचरत बसायची, विंचरून झाले तरी विंचरायची. गाणं बंद झालं होतं. लंबू एकदा येऊन गेला. तिच्याशी थोडं बोलला, डोळे चोळले आणि जिन्यात मला म्हणाला, “मला डोळे दाखवायला हवेत बहुतेक.” मी त्याला म्हटलं, हो, दाखव.

शेवटच्या दुपारी ती स्वयंपाकघरात खिडकीपाशीच होती. ती शेवटची दुपार आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारी बसून मी तिचा हात हातात घेतला. हात होता. गार होता, पण होता. लहानपणी रस्ता ओलांडताना आम्ही करायचो तसा मी तो दोनदा दाबला. त्यावर तिनं उलट दोनदा दाबायचं, असा नियम होता.

तिनं दाबला नाही. बराच वेळ धरून बसलो. मग हात सोडला, भिंतीपाशी गेलो आणि लेन्स तिच्यावर धरली.

कडं फिरवत गेलो. गज, तार, शर्ट. त्यापलीकडच्या इमारती. त्यापलीकडं टेकडीवरचा मनोरा, त्याच्या लोखंडी पट्ट्या. लेन्सच्या खिडकीत आडवा आठ आला. जगात लांब म्हणून जे काही आहे, ते सगळं त्या खुणेवर नीट दिसतं. चंद्रसुद्धा. टिल्ली अजून पुसटच होती.

अशा लेन्सचं कडं खुणेच्या किंचित पुढंही जातं. उन्हानं धातू फुगतो, म्हणून बनवणारे तेवढी जागा ठेवतात. तिकडं बघण्यासारखं काही नसतं, त्यामुळे कुणी जात नाही. मी गेलो. मनोरा विरघळला, आकाश विरघळलं, आणि टिल्लीच्या कडा जमू लागल्या. केस मोकळे, वर उठलेले, सावकाश हलणारे. खिडकीतून वारा येत नव्हता. चेहरा वर उचललेला. डोळे उघडे. ती माझ्याकडे बघत नव्हती, वर बघत होती.

तेवढ्यात कडं अडलं. पुढं जागाच नव्हती. ती पुन्हा मऊ व्हायला लागली. तिचे ओठ हलताना मला दिसले, मी बटण दाबून धरलं, फोटोमागून फोटो गेले.

कॅमेरा खाली घेतला तेव्हा फक्त खुर्ची दिसत होती. खुर्चीच्या पाठीची पट्टी न् पट्टी दिसत होती.

मी तिथंच उभा होतो. कॅमेरा डाव्या हातात. आणि माझ्या रिकाम्या उजव्या तळव्यावर कुणीतरी घट्ट दाबलं. दोनदा.

७

आई अजून टिल्लीचं ताट वाढते. मी तिला अडवत नाही, कारण घरात टिल्लीचा आवाज आहे. ‘दादा, माझा टॉवेल कुठाय?’ बाथरूमच्या बाजूनं येतं. ‘आई, मीठ जास्त झालंय.’ आई म्हणते, “उद्या कमी घालते गं.” एका सकाळी गाण्याची अर्धी ओळ आली, तालात, एकटीच. आईचा चेहरा उजळला.

मी तिला सांगितलेलं नाही की ते मीठ तेव्हाचं आहे. मला ती वाक्यं आठवतात. ओठ हलताना मी बघितले होते, फक्त ऐकायची राहिली होती. ती एकेक येतायत, ज्या क्रमानं ती बोलली त्याच क्रमानं. काल पलंगाच्या बाजूनं आलं, ‘आई, आता पुरे, केस तुटतील.’ म्हणजे शेवटच्या दुपारपर्यंत येऊन पोचलंय.

त्या दुपारचे फोटो मी रोज मोठे करून बघतो. पहिला शब्द ‘दादा’ आहे, तेवढं तोंडाच्या आकारावरून लागतं. पुढं तीन-चार शब्द आहेत. कडं अजून बोटभर फिरलं असतं तर ओठ वाचता आले असते. कधी वाटतं, ती ‘सोड’ म्हणाली. कधी वाटतं, ‘ओढ’ म्हणाली. ओढायचं असेल तर कुठून ओढू, तेही मला कळत नाही, आणि मग मी फोटो बंद करतो आणि तळहात उघडून बसतो.

ते वाक्य अजून वाटेत आहे. मी कामं घेणं बंद केलंय. आई काही बोलायला लागली की मी तिला हातानं गप्प करतो. इतकं उकडतंय, तरी पंखा लावत नाही. त्याच्या घरघरीत ते निसटायला नको.